गुंठाभर आहे तोवर काढा : उल्हासकाठच्या सर्वांना तातडीचे आवाहन

सोनिवली, वालिवली, एरंजाडच्या ग्रामस्थांनो, बदलापूर पश्चिमेच्या सोसायट्यांमध्ये राहायला आलेल्या मंडळींनो, आणि खाली अंबरनाथ, उल्हासनगर, कल्याणपर्यंत उल्हास नदीचे पाणी पिणाऱ्या सर्वांनो,

पाऊस उघडला आहे. पुराने नदी धुऊन काढली आहे आणि पात्र मोकळे दिसते आहे. म्हणूनच या दिवसांत नदीकडे कोणी बघत नाही आणि जलपर्णीचे नावही कोणी काढत नाही. ते नाव फेब्रुवारी-मार्चमध्ये निघेल. तोवर रायते, कांबा, म्हारळ, मोहने या पट्ट्यात पाण्याच्या जागी हिरवे मैदान पसरलेले असेल, वर्तमानपत्रांत त्याचे फोटो येतील, कोणीतरी निवेदन देईल आणि कोणीतरी पाहणी दौरा करील. एक-दोन ठिकाणी पोकलेन उतरेल. मग जून उजाडेल आणि उरलेले काम पाऊस करील. वर्षानुवर्षे हेच चालू आहे. या वर्षी ते मोडायचे असेल तर हाताशी दिवाळी ते नाताळ एवढेच दिवस आहेत.

घाई का, ते एका हिशेबाने सांगतो. उबदार आणि सांडपाण्याने पोसलेल्या पाण्यात जलपर्णी साधारण पंधरवड्यात दुप्पट होते. ऑक्टोबरच्या अखेरीस एखाद्या संथ वळणावर ती गुंठाभर जागेत असेल, तर नोव्हेंबरच्या मध्यावर दोन गुंठे होते, महिनाअखेर चार. असे दहा वेळा दुप्पट झाले की मार्चच्या अखेरीस एक हजार चोवीस गुंठे होतात, म्हणजे साडेपंचवीस एकर. हा कागदावरचा हिशेब आहे. थंडीत वाढ मंदावते, जागाही पुरत नाही, त्यामुळे प्रत्यक्षातला आकडा कमी येईल. पण अर्ध्याचा अर्धा धरला तरी सहा एकरांवर जातो. आता वजन बघा. दाट वाढलेल्या जलपर्णीचे ओले वजन हेक्टरी तीनशे-चारशे टनांपर्यंत भरते, कारण तिच्या अंगात नव्वद टक्क्यांहून जास्त पाणीच असते. गुंठाभर जलपर्णी म्हणजे तीन-चार टन. दहा-बारा माणसे, दोन दोरखंड आणि ट्रॅक्टरच्या एक-दोन ट्रॉल्या यांत ते काम उरकते. पंचवीस एकर म्हणजे तीन-चार हजार टन. त्याला निविदा लागते, निविदेला मंजुरी लागते, आणि मंजुरी येईपर्यंत वळवाचा पाऊस येतो.

ही वनस्पती मूळची दक्षिण अमेरिकेतल्या ॲमेझॉनच्या खोऱ्यातली. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस शोभेचे झाड म्हणून ती बंगालात आली. जांभळे फूल, वरच्या पाकळीवर पिवळा ठिपका, हवेने फुगलेले देठ. कोणालाही आवडावी अशीच आहे. काही दशकांत तिने तिथले भातखाचर, कालवे आणि नावांचे मार्ग असे भरून टाकले की १९३६ साली बंगाल प्रांताला केवळ तिच्यासाठी कायदा करावा लागला. आपल्या जागेतली जलपर्णी काढणे ही त्या त्या जमीनधारकाची जबाबदारी, असे त्या कायद्याने ठरवले. १९३७ च्या निवडणुकीत पक्षांच्या जाहीरनाम्यांतही तिच्या निर्मूलनाचे आश्वासन होते. रस्ता, वीज, पाणी ही आश्वासने आपण ऐकत आलो. जलपर्णीवर मते मागितली गेल्याचे दुसरे उदाहरण मला तरी आठवत नाही. जलपर्णी बंगालात आजही आहे, हेही सांगितले पाहिजे. कायदा केला की झाड मरते असे नाही. पण निदान झाड कोणी काढायचे, हे तिथे १९३६ मध्ये लिहून ठेवले होते. उल्हास नदीपुरते ते कुठे लिहिलेले आहे, हे शोधायला गेलो की कपाळावर आठ्या पडतात.

जलपर्णीचा एक कोंब नदीबरोबर निघाला असे समजा. नदी खंडाळ्याच्या घाटाखालच्या दऱ्यांतून उतरते, कर्जतला येते. तिथे रायगड जिल्हा आहे, कर्जत नगर परिषद आहे, आणि जिल्हाधिकारी अलिबागला बसतात. पुढे नेरळची ग्रामपंचायत. वांगणीला आली की ठाणे जिल्हा लागतो. बदलापूरच्या बॅरेज बंधाऱ्यावर पाणी थांबते आणि तिथून महाराष्ट्र जीवन प्राधिकरण बदलापूर-अंबरनाथसाठी पाणी उचलते. काठावर हद्द कुळगाव-बदलापूर नगर परिषदेची. जांभूळला एमआयडीसीचे पाणी उचलण्याचे केंद्र. मग कल्याण तालुक्यातल्या ग्रामपंचायती. मग उल्हासनगर महापालिकेच्या हद्दीतून येणारा खेमाणी नाला. मग मोहने, म्हणजे कल्याण-डोंबिवली महापालिका. शहाडला स्टेम प्राधिकरण ठाणे, भिवंडी आणि मिरा-भाईंदरसाठी पाणी घेते. पात्र आणि पाणी जलसंपदा व महसूल खात्यांकडे, पाण्याची प्रत प्रदूषण नियंत्रण मंडळाकडे, मासे मत्स्यव्यवसाय विभागाकडे. आणि ही वनस्पती? शेतात नाही म्हणून कृषी खात्याची नाही, जंगलात नाही म्हणून वन खात्याची नाही.

यातल्या प्रत्येक कार्यालयात मनापासून काम करणारे लोक आहेत. त्यांनी आपापल्या हद्दीत जलपर्णी काढल्याचेही आपण पाहिले आहे. पण नदीला हद्द कळत नाही. मोहन्याला लाखो रुपये खर्चून पात्र मोकळे केले आणि वर वांगणी-बदलापूरच्या संथ पाण्यात चार गुंठे शिल्लक राहिले, तर पंधरा दिवसांत तोच माल खाली हजर. बॅरेजवर जाळीपुढचे तेवढे काढून बाजूच्या काठावर रचून ठेवले, तर पहिल्या सरीला ते पुन्हा पाण्यात. प्रत्येकाने स्वतःपुरते काम केले, बिल निघाले, आणि नदी होती तिथेच राहिली.

याला कारण आणखी एक आहे, आणि ते आपल्या नदीचे खास आहे. कोकणातल्या बहुतेक नद्या उन्हाळ्यात आटतात. उल्हास आटत नाही, कारण मावळातल्या आंध्रा धरणाचे पाणी टाटांच्या भिवपुरी वीजनिर्मिती केंद्रातून खाली येते आणि १९२२ पासून या नदीला बारमाही ठेवते. त्यावर आपली शहरे वाढली. २०११ च्या जनगणनेत कुळगाव-बदलापूरची लोकसंख्या पावणेदोन लाखांच्या घरात होती. त्यानंतर उभ्या राहिलेल्या इमारती सोनिवलीच्या रस्त्यावरून जाताना मोजून बघा. तेच बारमाही, संथ, बंधाऱ्यांनी अडलेले पाणी जलपर्णीलाही मानवते. त्यात कर्जत, नेरळपासून बदलापूर, उल्हासनगरपर्यंतचे सांडपाणी मिसळते. त्यातले नत्र आणि स्फुरद हे तिचे खत.

‘आधी सांडपाणी बंद करा, जलपर्णी आपोआप जाईल’ असे म्हणणारे भेटतात. निम्मे खरे आहे. उल्हास आणि वालधुनी या नद्यांच्या प्रदूषणाविरुद्ध वनशक्ती संस्थेने राष्ट्रीय हरित लवादाकडे दाद मागितली, प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेले, मोहन्याला कार्यकर्ते नदीत उतरून आंदोलनाला बसले. त्या लढ्याचे मोल कमी नाही आणि तो थांबताही कामा नये. पण मलनिस्सारण वाहिन्या, केंद्रे, नाले वळवणे ही वर्षांची कामे आहेत. जलपर्णी पंधरवड्याच्या गतीने चालते. वर्षांचे काम पुरे होईपर्यंत पंधरवड्याचे काम थांबवायचे, हा युक्तिवाद कोणाच्या सोयीचा आहे ते ओळखा.

‘पावसात वाहून जातेच की’ असेही ऐकायला मिळते. जाते, खाडीच्या खाऱ्या पाण्यात मरतेही. पण तिचे बी गाळात पंधरा-वीस वर्षे जिवंत राहते, काठाच्या झुडपांत अडकलेले कोंब तग धरतात, आणि पूर ओसरला की तेवढे भांडवल पुरते. शिवाय डिसेंबर ते जून हे सात महिने आपण पाणी पितोच ना? त्या काळात जलपर्णीच्या चटईखालच्या पाण्यात ऊन शिरत नाही, प्राणवायू घटतो, मासे मरतात, डास वाढतात, पंपांच्या जाळ्या तुंबतात. नदीवर जाळे टाकणाऱ्या कोळी आणि आदिवासी कुटुंबांचा हंगाम जातो. या नुकसानाची नोंद कोणत्याच खात्याच्या ताळेबंदात येत नाही.

मग करायचे काय? आमची मागणी एका वाक्यात मावते. कर्जत ते मोहने या सबंध पात्रासाठी एक अधिकारी, एक वेळापत्रक आणि एक खाते असावे. रायगड आणि ठाणे हे दोन्ही जिल्हे कोकण विभागात येतात. दोन्ही जिल्हाधिकाऱ्यांना एकाच टेबलाशी बसवू शकणारा पहिला अधिकारी म्हणजे बेलापूरच्या कोकण भवनातले विभागीय आयुक्त. जीवन प्राधिकरण, एमआयडीसी, स्टेम, प्रदूषण मंडळ थेट त्यांच्या हाताखाली नाहीत, पण बैठकीला बोलावून, इतिवृत्तात कामे आणि तारखा लिहून घ्यायला काहीच अडत नाही. म्हणून आपले पत्र नगर परिषदेला देऊन थांबू नका. नगर परिषदेच्या हातात नदीचे काही किलोमीटर आहेत.

त्या बैठकीत ठरायला हवे ते असे. दिवाळीच्या आत होडीने किंवा ड्रोनने वरपासून खालपर्यंत पाहणी व्हावी आणि कुठे किती गुंठे आहे त्याचा नकाशा लोकांसमोर लावावा. काढणी वरून खाली व्हावी. आधी कर्जत-नेरळ-वांगणी, मग बॅरेज, मग खाली. आज उलटे होते, कारण ओरड खाली होते आणि पैसाही खालच्या महापालिकांकडे आहे. म्हणून खर्चाची वाटणी हद्दीप्रमाणे न करता, जो जेवढे पाणी उचलतो त्याने त्या प्रमाणात द्यावे. वांगणीच्या ग्रामपंचायतीकडे पोकलेन भाड्याने घ्यायला पैसे नाहीत, आणि तिथले चार गुंठे काढण्यात ठाणे-भिवंडीचा थेट फायदा आहे, एवढे साधे हे गणित. रोजंदारीवर घ्यायचे तर नदी ओळखणाऱ्या, मासेमारी करणाऱ्या कुटुंबांना आधी घ्या. काढलेला माल पूररेषेच्या वर नेऊन वाळवलाच पाहिजे. त्याचे कंपोस्ट करायला हरकत नाही, पण ही वनस्पती पाण्यातले जड धातू शोषून घेते. औद्योगिक सांडपाण्याच्या पट्ट्यातून काढलेल्या जलपर्णीचे खत भाजीपाल्याला घालण्याआधी तपासणी व्हायला हवी.

तणनाशकाबद्दल स्पष्ट बोलतो. फवारणीचे प्रयोग उल्हासवर झालेले आहेत आणि ते करणाऱ्यांचा हेतू चांगला होता, हेही मानतो. पण ग्लायफोसेट या तणनाशकाच्या वापरावर केंद्र सरकारने २०२२ मध्ये निर्बंध आणले. लाखो लोकांच्या पिण्याच्या पाण्याच्या वरच्या बाजूला फवारणी करायची असेल, तर आधी पाणी उचलणाऱ्या प्रत्येक यंत्रणेची लेखी संमती आणि नंतरच्या तपासण्यांचे जाहीर अहवाल, याशिवाय आम्ही मान्य करणार नाही. शिवाय मेलेली जलपर्णी तळाशी बसून कुजते आणि तिच्यातले खत पुन्हा नदीतच जाते.

किड्यांचा उपाय वेगळा आहे. नियोकेटिना नावाचे दोन जातींचे भुंगेरे १९८२ च्या सुमारास बंगळूरूच्या एका संस्थेने परदेशातून आणले, तपासले आणि तलावांत सोडले. हे भुंगेरे जलपर्णीवरच जगतात. मणिपूरच्या लोकटाक सरोवरात त्यांनी चांगले काम केले. आफ्रिकेतल्या व्हिक्टोरिया सरोवरात युगांडा, केनिया आणि टांझानिया या तीन देशांनी १९९० च्या दशकात हेच किडे वापरले, यंत्रेही लावली, आणि सरोवराचा मोठा भाग मोकळा झाला. पुढे सांडपाणी वाढत राहिले तशी जलपर्णी तिथे परत डोके वर काढू लागली. आपल्या नदीत दर पावसाळ्यात किडेही झाडांबरोबर वाहून जातील, त्यामुळे वाहत्या पात्रात त्यांच्यावर भिस्त ठेवता येणार नाही. आसपासच्या तलावांत मात्र ते जरूर सोडावेत. मला त्या उदाहरणात महत्त्वाचे वाटते ते दुसरेच. तीन देश एका सरोवरासाठी एकत्र बसले. आपल्याला दोन जिल्हे बसवायचे आहेत.

कायद्याचा आधार नाही असे कोणी सांगितले तर ऐकून घेऊ नका. २०२२ च्या दुरुस्तीने वन्यजीव संरक्षण कायद्यात ६२ अ हे कलम आले. आक्रमक परदेशी प्रजातींची आयात, व्यापार, बाळगणे आणि प्रसार यांवर नियंत्रण आणण्याचा अधिकार त्याने केंद्राला दिला. जैवविविधता कायदा २००२ चा आहे, आणि त्यानुसार प्रत्येक स्थानिक स्वराज्य संस्थेत जैवविविधता व्यवस्थापन समिती असणे बंधनकारक आहे. तुमच्या नगर परिषदेच्या, ग्रामपंचायतीच्या समितीत कोण सदस्य आहेत, शेवटची बैठक कधी झाली आणि लोक जैवविविधता नोंदवहीत नदीबद्दल काय लिहिले आहे, हे विचारण्याचा तुम्हाला हक्क आहे. २०२३ च्या सप्टेंबरमध्ये आयपीबीईएस या आंतरराष्ट्रीय संस्थेने जगभरच्या आक्रमक प्रजातींचा अहवाल काढला. त्यात साडेतीन हजारांहून जास्त प्रजाती अपायकारक ठरल्या. जगाचे वर्षाचे नुकसान ४२३ अब्ज डॉलरच्या वर गेल्याचे म्हटले. आणि या प्रश्नावर खास कायदे-नियम असलेले देश फक्त १७ टक्के आढळले. जगात सर्वांत जास्त पसरलेल्या आक्रमक प्रजातींच्या यादीत पहिले नाव जलपर्णीचे आहे. म्हणजे आपले दुखणे जगावेगळे नाही, आणि त्यावर उपाय करायला आपण जगाची वाट बघण्याचेही कारण नाही.

आता आपल्या घरातले. घरातले मत्स्यपेटीतले मासे कंटाळा आला म्हणून नदीत, तलावात सोडू नका. काच साफ करणारा सकर मासाही दक्षिण अमेरिकेतला. तो नदीत वाढतो, काठ पोखरतो, जाळी फाडतो, आणि त्याला कोणी खात नाही. लाल कानाचे छोटे कासव घेतले असेल तर तेही सोडू नका. दुकानदाराला परत घ्यायला सांगा किंवा वन विभागाला विचारा. परदेशी मांगूर पाळायला आणि विकायला देशात २००० सालापासून बंदी आहे, तरी ठाणे जिल्ह्यात त्याच्या तळ्यांवर छापे पडतच असतात. पुराने एक बांध फुटला की तो मासा नदीत. बाजारात स्वस्त मिळतो म्हणून घेऊ नका. कोणी घेतलेच नाही तर तळी आपोआप बंद पडतील. आणि बाल्कनीतल्या टबात जांभळे फूल छान दिसते म्हणून नदीतली जलपर्णी घरी आणू नका, नर्सरीत विकायला ठेवली असेल तर हटकून विचारा.

नदीवर फिरायला जाल तेव्हा संथ वळणे, पुलांच्या खांबांमागची जागा, नाल्यांची तोंडे बघा. चार-दोन पानांची सुटी झुंबरे दिसली की फोटो काढा, जागा आणि तारीख लिहा. काठावरून हात पोहोचत असेल तर मुळासकट उपटा. तोडू नका, तुटलेल्या तुकड्यातून नवीन झाड होऊ शकते. उपटलेले काठावर टाकून येऊ नका. पाण्यात मात्र कोणीही उतरू नका, मुलांना तर अजिबात उतरू देऊ नका. २६ जुलै २००५ आणि २७ जुलै २०१९ च्या पुरांनी ही नदी काय करू शकते ते दाखवले आहे. दुसऱ्या पुरात महालक्ष्मी एक्सप्रेस वांगणीजवळ पाण्यात अडकली होती. पूर ओसरल्यावरही तळातले खड्डे आणि गाळ दिसत नाहीत. पात्रातले काम होडी, दोर आणि सुरक्षा जॅकेट असलेल्या माणसांचे आहे, आणि त्यांना पाठवणे हे प्रशासनाचे.

सोसायट्यांच्या अध्यक्ष-सचिवांना, गावकी पंचांना, महिला बचत गटांना आणि शाळांच्या मुख्याध्यापकांना विनंती आहे की या आठवड्यात लेटरहेडवर पत्र काढा. मजकूर लांबवू नका. एवढेच लिहा : ‘उल्हास नदीतील जलपर्णीच्या निर्मूलनासाठी कर्जत ते मोहने या सलग पात्राकरिता एक समन्वय अधिकारी नेमावा, पावसाळ्यानंतरची पहिली पाहणी दिवाळीपूर्वी करून तिचा नकाशा प्रसिद्ध करावा आणि काढणी वरच्या बाजूकडून सुरू करावी.’ खाली सह्या घ्या. नाव, पत्ता सुवाच्य हवा. एक प्रत विभागीय आयुक्तांना, एक ठाण्याच्या आणि एक रायगडच्या जिल्हाधिकाऱ्यांना, एक आपल्या नगर परिषदेच्या मुख्याधिकाऱ्यांना. हाताने देणार असाल तर आपल्या प्रतीवर आवक शिक्का आणि क्रमांक घेतल्याशिवाय खिडकीसमोरून हलू नका, आणि तीस दिवसांत उत्तर आले नाही तर त्याच क्रमांकाचा हवाला देऊन माहितीच्या अधिकारात अर्ज टाका.